सोलरपायलट: कोल्हापूरच्या उन्हात आरशांची मांडणी करायला किती कामाचं?

उन्हामागं फिरणारे आरसे टॉवरच्या टोकावरच्या रिसीव्हरवर, म्हणजे उष्णता झेलणाऱ्या भागावर, उजेड टाकतात आणि तिथं वाफ होते. अशा मैदानाचं सोलरपायलट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि टॉवरभोवती आरसे नेमके कुठं उभे करायचे याचा नकाशा काही सेकंदांत काढून देतं. अमेरिकेच्या एनआरईएल या अक्षय ऊर्जेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं ते बनवलं असून त्याचा कोडही खुला आहे. या कामासाठी याहून चांगलं मोफत साधन आमच्या पाहण्यात नाही. मात्र ते उघडल्यावर समोर येणारा पहिला नकाशा कोल्हापूरच्या कामाचा नाही. त्यात ६७० मेगावॅट उष्णता, १९५ मीटर उंच टॉवर आणि १२.२ मीटर बाजूचे चौरस आरसे आधीच भरलेले असतात. नेवाडाच्या वाळवंटात १०,३४७ आरशांचा क्रेसेंट ड्यून्स प्रकल्प आहे, त्याच्या तोडीचं हे माप. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीतल्या कारखान्याला लागते ती वाफ, तीही अर्धा मेगावॅट उष्णतेच्या आसपास. म्हणून हे परीक्षण एकाच प्रश्नावर बेतलं आहे: एवढ्या छोट्या कामासाठी आणि इथल्या उन्हासाठी हे सॉफ्टवेअर वापरताना काय बदलायचं, आणि त्याच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा?

पुढचं सगळं गणित एका उदाहरणाला धरून आहे. रिसीव्हरमधून ५०० किलोवॅट उष्णता हवी. थेट ऊन, म्हणजे डीएनआय, दर चौरस मीटरला ८०० वॅट धरलं. आरशांपासून वाफेपर्यंतची एकूण कार्यक्षमता ०.६० धरली. ५०० ला ०.८ आणि ०.६ यांच्या गुणाकारानं भागलं की सुमारे १,०४० चौरस मीटर आरसा लागतो. ३.२ बाय २.५ मीटरचा, म्हणजे ८ चौरस मीटरचा एक आरसा घेतला तर असे १३० आरसे. टॉवरच्या उत्तरेला १२० अंशांच्या पंख्यात २० ते ६५ मीटर अंतरावर ते मांडले तर जागा साधारण ४,००० चौरस मीटर, म्हणजे ४० गुंठे, लागते. एक एकराचं हे रान.

ते ०.६० कुठून आलं हेही सांगायला हवं, कारण सोलरपायलटच्या निकालाच्या तक्त्यात हेच घटक एकेक करून दिसतात. कोसाइन (आरसा उन्हाला तिरका राहिल्यानं होणारी घट) ०.९०, सावली आणि अडथळा मिळून ०.९६, आरशाची परावर्तकता ०.९३, स्वच्छता ०.९०, हवेतली घट ०.९९, रिसीव्हरवर नेमका पडणारा वाटा ०.९२ आणि रिसीव्हरची स्वतःची कार्यक्षमता ०.९२. हे सगळे गुणले की साधारण ०.६० येतात. सॉफ्टवेअरनं यातल्या एखाद्या घटकाचा आकडा फार वेगळा दाखवला, तर आधी आपण भरलेली माहिती तपासायची.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे हवामानाची फाइल, जागेवरच्या वर्षभराच्या उन्हाची तासातासाची नोंद. कोल्हापूरसाठी मांडणीचं भवितव्य इथंच ठरतं आणि बहुतेक जण इथंच घाई करतात.

कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याचा पहिला आठवडा संपता संपता एकदा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा इथं शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या तीन महिन्यांत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. आता आरशाचं गणित बघा. सूर्याची दिशा आणि टॉवरची दिशा यांच्यामधला कोन निम्मा करायचा आणि त्याचा कोसाइन घ्यायचा. आरशाच्या क्षेत्रफळाचा तेवढाच भाग कामाला येतो. टॉवरच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर एक आरसा उत्तरेला आणि एक दक्षिणेला उभा आहे असं धरू. २१ मार्चला मध्यान्ही उत्तरेच्या आरशाचा आकडा ०.९२ येतो, दक्षिणेच्या आरशाचा ०.७७. २२ डिसेंबरला उत्तरेचा ०.९८ आणि दक्षिणेचा अवघा ०.६२. २१ जूनला मात्र पारडं फिरतं: उत्तरेचा ०.८२, दक्षिणेचा ०.८८.

हे आकडे नुसते सरासरीत घातले तर दक्षिणेलाही थोडे आरसे लावावेत असं वाटू लागतं. कमी अक्षांशावर टॉवरच्या चारी बाजूंनी आरसे लावावेत हा ठोकताळाही तिथूनच येतो. पण ज्या महिन्यांत दक्षिणेचा आरसा वरचढ ठरतो, नेमक्या त्याच महिन्यांत कोल्हापूरवर मोसमी ढग असतात. जूनचा पहिला पंधरवडा सरला की थेट ऊन जवळपास संपतं, ते सप्टेंबर उलटेपर्यंत. उत्तरेकडच्या सूर्याचं मोकळं ऊन मिळतं ते साधारण ७ मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम महिनाभर, आणि त्यातल्या बऱ्याच दुपारी वळीव खाऊन टाकतो. तेव्हा नुसता अक्षांश पाहून जेवढी वाटेल त्याहून इथली मांडणी उत्तरेकडे अधिक झुकायला हवी. सोलरपायलट हे बरोबर ओळखतं, पण तुम्ही त्याला खऱ्या वर्षाचं हवामान दिलं तरच.

त्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली, आरसे निवडण्याचा निकष. आधी सॉफ्टवेअर जागेवर गरजेपेक्षा जास्त आरसे मांडतं आणि मग कमी कामाचे वगळतं. हे वगळणं एकाच क्षणाच्या सूर्यावरून करता येतं किंवा वर्षभराच्या हवामानावरून. एकच क्षण कधीही निवडू नका, आणि त्यातही २१ जून तर मुळीच नको. दुसरी, दिवसांची संख्या. वर्षातले मोजके दिवस उचलून त्यावरून अंदाज बांधण्याची सोय त्यात आहे. हजारो आरशांच्या प्रकल्पात वेळ वाचावा म्हणून ती ठेवली आहे. पण उचललेल्या चार दिवसांतला एक जुलैतल्या एखाद्या चुकार उघडिपीचा निघाला, तर दक्षिणेचे आरसे फुकट भाव खाऊन जातात. १३० आरशांसाठी संपूर्ण वर्षाचा हिशेब लावला तरी संगणकाला फारसा वेळ लागत नाही, तेव्हा वेळ वाचवण्याचा मोह टाळलेलाच बरा.

वळिवाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो सहज लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीननंतर ढग जमतात. सकाळी सूर्य पूर्वेला असतो आणि तेव्हा टॉवरच्या पश्चिमेकडचे आरसे सर्वांत जास्त काम करतात. त्यामुळे खरं हवामान दिलं की उत्तरेचा पंखा किंचित पश्चिमेकडे सरकतो. नकाशावर हा कल दिसला तर त्याला चूक समजू नका.

पण हाच कल खोट्या कारणानंही दिसू शकतो, आणि भारतात हा धोका फार खरा आहे. उपग्रहावरून काढलेल्या हवामानाच्या फाइलींमध्ये तासांची नोंद पुष्कळदा ग्रीनविचच्या वेळेनुसार असते. आपली वेळ तिच्यापुढं साडेपाच तास. पूर्ण तासांची नोंद पाच किंवा सहा ओळी सरकवली की अर्ध्या तासाची चूक राहते, आणि अर्ध्या तासात सूर्य ७.५ अंश सरकतो. मग सॉफ्टवेअर प्रत्येक तासाचं ऊन अर्धा तास पुढच्या किंवा मागच्या सूर्याला जोडतं. पडताळा घेणं सोपं आहे. कोल्हापूरचं रेखांश ७४.२ पूर्व आणि भारतीय वेळ ८२.५ अंशांवर बेतलेली, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह सरासरीनं १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१७ ला येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.४७ ला. फाइलीतला फेब्रुवारीचा एखादा निरभ्र दिवस काढा आणि डीएनआयचा आलेख १२.४७ च्या दोन्ही बाजूंना सारखा उतरतो का ते पाहा. नसेल तर आधी फाइल दुरुस्त करा, मांडणी नंतर.

फाइल कुठल्या ठिकाणची घ्यायची यातही आळस नको. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात पाऊस कोसळतो आणि पूर्वेला शिरोळकडे त्याच्या अगदी थोडा वाटा पडतो. शहराच्या नावाची फाइल घेऊन हातकणंगल्याच्या माळावरचा प्रकल्प मांडायचा म्हणजे ढगच चुकवायचे. एनआरईएलचा एनएसआरडीबी आणि युरोपीय आयोगाचा पीव्हीजीआयएस हे दोन्ही साठे जागेच्या अक्षांश-रेखांशावरून फाइल देतात. दोन्ही घ्या आणि महिन्यावार डीएनआय शेजारी शेजारी मांडून पाहा. फरक मोठा दिसला तर कमी आकड्यावर मांडणी करा. छतावरच्या सोलर पॅनेलसाठी वापरतात तो एकूण उन्हाचा आकडा इथं चालत नाही, कारण ढगातून किंवा धुरकटातून विखरून आलेला उजेड आरसा टॉवरवर गोळा करू शकत नाही.

त्याच ओघात, रचनेचा डीएनआय म्हणून आधीच भरलेला ९५० हा आकडाही बदला. तो कोरड्या, उंच वाळवंटाला शोभतो. तुमच्या फाइलीतल्या सगळ्या उन्हाच्या तासांपैकी ९० ते ९५ टक्के तास ज्याच्या खाली आहेत तो आकडा घ्या. ९५० तसाच ठेवला तर आरसे कमी पडतात आणि ५०० किलोवॅट वर्षातून क्वचितच गाठले जातात.

आता माप. मेगावॅटच्या रकान्यात ०.५ भरलं म्हणजे काम झालं असं नाही. टॉवरची उंची, रिसीव्हरचा प्रकार आणि आकार, आरशाचा आकार, जागेची आतली व बाहेरची मर्यादा, सगळं एकत्र बदलावं लागतं. यातलं एखादं जुनंच राहिलं तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, विचित्र नकाशा काढून मोकळं होतं. १९५ मीटरच्या टॉवरखाली १३० आरसे बुंध्याशी दाटीवाटीनं उभे दिसले तर कारण हेच. रिसीव्हर आधी चौफेर दंडगोल असतो. आपल्या कामाला उत्तरेकडे तोंड केलेला सपाट किंवा पेटीसारखा रिसीव्हर घ्या. टॉवरच्या उंचीचा अर्थही नीट समजून घ्या. सोलरपायलटमधली उंची म्हणजे आरशाच्या सांध्यापासून रिसीव्हरच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर. तिथं २५ भरलं आणि आरशाचा सांधा जमिनीपासून १.८ मीटरवर असेल, तर रिसीव्हरचा मध्य जमिनीपासून २६.८ मीटरवर येतो. फॅब्रिकेटरला २५ सांगितलं की संपूर्ण मैदानाचे कोन चुकतात.

टॉवर किती उंच घ्यायचा हे सॉफ्टवेअरवर सोडू नका. त्यात खर्च कमीत कमी करणारी उंची शोधायची सोय आहे, पण खर्चाची सूत्रं डॉलरमध्ये आणि अवाढव्य प्रकल्पांसाठी आहेत. टॉवरच्या खर्चाचा हिशेब मुळात ३० लाख डॉलरपासून सुरू होतो. कोल्हापुरात २७ मीटरचा जाळीदार लोखंडी मनोरा उभा करायला लागणाऱ्या पैशांशी या आकड्याचा काही संबंध नाही. उंची २०, २५, ३० अशी हातानं बदलून प्रत्येक वेळी वार्षिक उष्णता लिहून काढा आणि पुढचा हिशेब इथल्या फॅब्रिकेटरच्या दरानं करा.

मांडणीच्या पद्धतीत दोन मुख्य प्रकार आहेत. एक सरळ ओळींचा, मक्याच्या शेतासारखा. दुसरा टॉवरभोवतीच्या अर्धवर्तुळांचा, ज्यात प्रत्येक कमान मागच्या कमानीपेक्षा अर्ध्या घरानं सरकलेली असते. आपल्यासाठी दुसराच घ्या. त्यामागचं कारण साधं आहे. टॉवरपासून दूर जाल तसा उजेड टॉवरकडे सपाट कोनात जातो आणि पुढचा आरसा मागच्याच्या आड येतो. टॉवरच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, २.५ मीटर उंचीच्या आरशासमोर अगदी सरळ रेषेत दुसरा आरसा असेल, तर दोघांत ५ मीटरच्या वर अंतर लागतं. अडीच-तीनपट अंतरावर हेच ६ ते ७ मीटर होतं. कमानी सरकवलेल्या असल्या की सरळ पुढचा आरसा दोन कमानी सोडून येतो, आणि कमानींमधलं अंतर जवळपास निम्म्यावर आणता येतं.

पण जवळच्या कमानींमध्ये दुसरीच मर्यादा आधी लागू होते. ३.२ बाय २.५ मीटरच्या आरशाचा कर्ण ४.०६ मीटर. दोन शेजारी आरसे उलटसुलट फिरले तरी एकमेकांना घासू नयेत म्हणून केंद्रापासून केंद्रापर्यंत किमान ४.४ मीटर ठेवा. टॉवरच्या उंचीएवढ्या अंतरावर अडथळा टाळायला ३.२ मीटरही पुरतात, पण घासू नये म्हणून त्याहून जास्त लागतात. तिथं नकाशातली मोकळीक स्वतः तपासा. त्याशिवाय धुण्यासाठी ट्रॅक्टर आणि टँकर जायला दर दोन कमानींमागं ३ मीटरचा रस्ता हवा. तो वगळलेल्या जागेच्या रूपात आधीच दाखवता येतो. मांडणी झाल्यावर रस्ता काढायला गेलात की चांगल्यातले चांगले पंधरा-वीस आरसे उपटावे लागतात.

कमानी दूर गेल्या की एका कमानीवरच्या दोन आरशांमधलं अंतर वाढत जातं. ते एका ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की सॉफ्टवेअर तिथून नवी, दाट कमान सुरू करतं. एवढ्या छोट्या मैदानात अशी जागा एखाद-दुसरीच येते. तिच्या सीमेवरचे आरसे नकाशात रंगावरून तपासा, कारण घडी तिथंच विस्कटते आणि अडथळा वाढलेला दिसतो.

ही कमानींची भानगडच नको असेल तर सूर्यफुलाच्या बियांची मांडणी आहे. प्रत्येक पुढचा आरसा मागच्यापेक्षा १३७.५ अंशांनी फिरवायचा आणि अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. नून, टोरिलॉन आणि मित्सोस यांनी २०१२ साली स्पेनमधल्या पीएस१० या ६२४ आरशांच्या मैदानावर ही कल्पना गणितानं तपासली, तेव्हा कार्यक्षमता किंचित वाढून जागा १५.८ टक्के कमी लागली. सोलरपायलटमध्ये ही पद्धत तयार मिळत नाही. पण एक्सेलमध्ये सहनिर्देशक काढून फाइल आत घेता येते आणि मग तेच हवामान, तोच रिसीव्हर ठेवून दोन्ही मांडण्यांची तुलना होते. फाइलीत क्ष म्हणजे पूर्व आणि य म्हणजे उत्तर, टॉवर शून्यावर. आमचं मत असं, की कोल्हापूरच्या एक एकरात जागेची बचत होईल, पण ट्रॅक्टरला सरळ वाट मिळत नाही. जमीन वसाहतीतली आणि महाग असेल तरच या वाटेनं जा.

छोट्या मैदानाचा सर्वांत मोठा फसवा भाग मात्र आरशाचा फोकस आहे. सूर्याचा कोनीय व्यास ९.३ मिलिरेडियन (१ मिलिरेडियन म्हणजे हजार मीटरवर एक मीटर). २५ मीटर उंचीच्या टॉवरपासून ५० मीटरवर उभ्या आरशाचं रिसीव्हरपर्यंतचं तिरकं अंतर ५६ मीटर. तेवढ्यावरून त्याची प्रतिमा ०.५२ मीटरची पडते. पण आरसा पूर्ण सपाट असेल तर टॉवरवर पडणारा कवडसा आरशाएवढाच असतो, अधिक ही प्रतिमा, म्हणजे साधारण ३.७ बाय ३ मीटर. रिसीव्हर २ बाय २ मीटरचा घेतला तर निम्म्याच्या आसपास उजेड बाहेर सांडतो. नेवाडासारख्या मैदानात आरसा शेकडो मीटर दूर असतो, तिथं ही गोष्ट एवढी जाणवत नाही. इथं ती सगळ्यात जास्त बोचते. उपाय असा: आरशाचे चार तुकडे करायचे, प्रत्येक १.६ बाय १.२५ मीटर, आणि चारही तुकडे टॉवरकडे किंचित आत वळवायचे. सोलरपायलटमध्ये तुकड्यांची संख्या आणि त्यांचं वळण या दोन्हींचे रकाने आहेत, आणि प्रत्येक आरशाला त्याच्या अंतराचा फोकस देण्याची सोयही. पण १३० वेगवेगळे फोकस कुठलाच कारखाना बनवून देणार नाही. ३५, ५० आणि ६५ मीटर असे तीन गट करा आणि त्यावर हिशेब पुन्हा लावा. सांडणाऱ्या उजेडातला फरक थोडाच येतो आणि काम करण्याजोगं होतं.

सांडण्याचं प्रमाण ठरवणारी दुसरी गोष्ट जमिनीखाली आहे. पंचगंगेच्या काठाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात उथळ पायावर रोवलेला खांब वर्षाकाठी हलणारच. खांब १ मिलिरेडियननं कलला की परावर्तित किरण २ मिलिरेडियननं सरकतो, आणि ५६ मीटरवर तो ११ सेंटिमीटर बाजूला पडतो. ५ मिलिरेडियनचा कल डोळ्याला दिसतही नाही, पण कवडसा अर्ध्या मीटरहून जास्त सरकतो. शक्य असेल तिथं मुरमाची माळजमीन घ्या. काळ्या मातीतच काम करायचं असेल तर खांब खालच्या घट्ट थरापर्यंत न्या आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक आरशाची नेमबाजी पुन्हा जुळवायचं काम वार्षिक खर्चात धरा. सॉफ्टवेअरमध्ये नेमबाजीच्या चुकीचा रकाना असतो. तो कोऱ्या करकरीत वाळवंटी प्रकल्पाच्या आकड्यावर सोडू नका, थोडा वाढवून परिणाम पाहा आणि रिसीव्हर त्यानुसार १५-२० सेंटिमीटर मोठा घ्या.

स्वच्छतेचा आकडाही इथला हवा. ऑक्टोबर ते मार्च हा आपल्याकडचा उत्तम उन्हाचा काळ आणि तोच उसाचा गळीत हंगाम. कारखान्यांची धुराडी, गुऱ्हाळांची चुलवाणं, तोडणीनंतर पेटवलेला पाला, या सगळ्यांची काजळी आरशांवर बसते, आणि ती धुळीसारखी नुसत्या फवाऱ्यानं जात नाही, पुसावी लागते. आधीच भरलेल्या ०.९५ च्या जागी ०.९० घाला, गुऱ्हाळ वाऱ्याच्या बाजूला असेल तर त्याहून कमी. हवेतल्या घटीची मात्र फार काळजी नको. निरभ्र आणि धुरकट अशा दोन्ही दिवसांचे पर्याय त्यात आहेत, आणि ६० मीटरवर पहिल्यात सव्वा टक्का, दुसऱ्यात तीन टक्क्यांच्या आत तोटा येतो. किलोमीटरभर पसरलेल्या मैदानांची ही डोकेदुखी, आपली नाही.

हिशेबाच्या अचूकतेबद्दल थोडं. आत चालणारी मूळ पद्धत १९८० च्या दशकात सँडिया प्रयोगशाळेनं लिहिलेल्या डेलसोल३ वरून आलेली आहे. प्रत्येक आरशाचा कवडसा ती एका गणिती सूत्रानं अंदाजते, म्हणूनच इतकी झटपट चालते. मांडणी निवडायला हा अंदाज पुरतो. रिसीव्हरवर कुठं किती ताप पडेल हे ठरवायला तो पुरेसा धरू नका, विशेषतः टॉवरच्या अगदी जवळचे आणि पंख्याच्या टोकांचे आरसे असतील तिथं. किरण एकेक करून सोडणारं सोलट्रेसचं इंजिन सोलरपायलटमध्येच जोडलेलं आहे. मांडणी पक्की झाली की तेवढाच निकाल त्यावर पुन्हा काढा. दोन्ही पद्धतींत २ बाय २ मीटरच्या रिसीव्हरवर पडणारा वाटा दोन-तीन टक्क्यांहून जास्त वेगळा आला तर सोलट्रेसचा आकडा खरा धरा. आणि सगळे आरसे एकाच मध्यबिंदूवर नेम धरून असतील तर मध्याच्या नळ्यांवर ताप एकवटतो. नेमाचे बिंदू पसरवण्याचे पर्याय आहेत. वाफेच्या रिसीव्हरसाठी ते वापराच.

उणिवा राहतात त्या अशा. मांडणी सपाट जमीन धरूनच होते. जागेला उतार असेल तर प्रत्येक आरशाची उंची फाइलीत भरून पुन्हा आत घ्यावी लागते. पश्चिमेला पन्हाळा-जोतिबाच्या डोंगररांगेजवळ जागा असेल तर संध्याकाळचं बुडालेलं ऊन हवामान फाइलीतून स्वतः वजा करावं लागतं. मदतीची पानं चांगली आहेत, पण इंग्रजीत. ज्यांना पायथॉन येतं त्यांच्यासाठी कोपायलट नावाची जोडणी आहे, तिच्यावरून उंची, जागा, आरशाचा आकार अशा शंभर पर्यायांची फेरी रात्रभर लावून ठेवता येते. शहरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी तिथूनच सुरुवात करावी.

कुणासाठी हे योग्य? इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसला, दुधाच्या प्लांटला, दिवसपाळीत वाफ लागणाऱ्या आणि आज विकतचं इंधन जाळणाऱ्या कुणालाही. गुऱ्हाळाला मात्र आम्ही हे सुचवणार नाही. काहिलीखाली चिपाडं जळतात, ती रसाबरोबर आपसूक मिळतात आणि फुकटच्या इंधनाशी आरशांनी स्पर्धा करू नये. फाउंड्रीच्या भट्टीलाही नाही, ते तापमान या मापाच्या मैदानाचं काम नव्हे. आणि गरज पन्नास किलोवॅटच्या आत असेल तर टॉवरचा विचारच सोडा. शिर्डीच्या प्रसादालयावर वाफेसाठी शेफलरच्या, म्हणजे ऊन एका जागी गोळा करणाऱ्या वाडग्यासारख्या आरशांच्या, ७३ तबकड्या बसवल्या आहेत. त्या जातीच्या थोड्या तबकड्या तिथं पुरतात आणि त्यांना मांडणीचं सॉफ्टवेअर लागत नाही.

शेवटी नकाशा जमिनीवर उतरवताना: सहनिर्देशकांची फाइल बाहेर काढा आणि टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं टॉवरच्या केंद्रापासून खुंट्या मारा. उत्तर दिशा होकायंत्रावरून घेऊ नका. वसाहतीत शेड, सळया आणि केबलींमुळे सुई भरकटते, आणि १ अंशाची चूक ६५ मीटरवर १.१ मीटर होते. ओळंब्यात उभ्या केलेल्या काठीची सावली त्या तारखेच्या खऱ्या मध्यान्हीला, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१७ ला, आखून घ्या. ती रेघ खरी उत्तर. मे आणि ऑगस्टमध्ये शून्य सावलीच्या आसपास हे जमत नाही, सावलीच उरत नाही, म्हणून आखणीचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा, जमीनही तोवर वाळून घट्ट झालेली असते.